हंड्यांची हजेरी

उस्मानपुरा, औरंगाबाद
१० एप्रिल २०१६

चि. पद्मजा हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तुझे कान गेले तेव्हापासून फोनचा उपयोग संपला आणि माझा सगळा वाचाळपणा टपालावर आला. माझा नातू केयूर म्हणतो, आजोबा, तुम्ही आत्याआजीचं इंटरनेट आहात.

या खेपेचा माल सोबत आहे. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. आपल्याला एकच झेपत नाही. परदेशातली एक कुत्री रोज एकटी बसनं बागेत जाते, तिचा फोटो बघ. मालिकेतली थोरली सून परवा जिन्यावर उभी राहून ओरडली, ते तू नुसतं पाहिलं असशील. दागिने मी घेतले नाहीत, एवढंच ती म्हणत होती. घेतले आहेत.

शेवटच्या कागदावर हस. बायपासपलीकडच्या नव्या वसाहतीत टँकरची वाट पाहत हंडे रांगेत ठेवलेत आणि तोंडाला रुमाल बांधलेला एक वेडा त्यांची हजेरी घेतो आहे. एकेका हंड्याला नाव. उत्तर आलं नाही की खडू उगारतो. व्हिडिओ इतका फिरला की न्हाव्यानंही दाढी अर्धी टाकून मला दाखवला. मी स्वतः चाळीस जणांना पाठवला. त्यातलं चित्र केयूरनं छापून दिलं.

सुयशबद्दल नवं काही नाही. चौकीत जाऊन आलो. त्याचा फोटो अजून भिंतीवर आहे. पोरगा घर सोडून गेला त्याला चौदा महिने झाले. परत येईल तेव्हा त्याला आई उभी दिसली पाहिजे. जेवत जा.

तुझ्या उत्तरावर जगणारा,
अनंतदादा


पिशोर
१५ एप्रिल

ती. अनंतदादास,
पद्मजाचा सा. न. वि. वि.

मी हसले नाही. तो सुयश आहे.

डावा हात बघ. अंगठा मुठीत दाबून धरला आहे. बालवाडीच्या दारात सोडला तेव्हा असाच उभा होता, नोकरीच्या मुलाखतीला गेला तेव्हाही. तू त्याला चार वर्षांत पाहिलं नाहीस, त्यात तोंडावर रुमाल. तुझी चूक नाही. तरी मला खात्री करायची होती. शेजारच्या आशाबाईंना काही न सांगता कागद दाखवला. त्या सावकाश बोलतात, त्यांचे ओठ मला वाचता येतात. म्हणाल्या, हे तर आपले मास्तर, लई वाळले की वो. मग पदर तोंडाला लावला. पुढचं वाचता आलं नाही.

दादा, पत्र मिळताच तिथं जा. मी निघाले असते. पण तो त्याच दिवशी इकडे आला आणि दाराला कुलूप दिसलं तर?

आणि तो काय म्हणतो ते लिही. मालिकेतल्या सुनेचं लिहितोस तसं सारांशानं नको. एक शब्द गाळू नकोस.

पद्मजा


उस्मानपुरा
१९ एप्रिल

चि. पद्मजा हिस,
आशीर्वाद. वि. वि.

व्हिडिओ वीस वेळा ऐकला. हसण्याचा आवाज मोठा आहे, म्हणून शब्द धरायला वेळ लागला.

तो नावं घेतो. कडूबा, माऊली, प्रेरणा, धोंडिबा, बन्सी. प्रत्येक नावानंतर थांबतो. प्रेरणाचं नाव दोनदा घेतो आणि विचारतो, की तिच्या घरी कोणी जाऊन आलं का. शेवटी म्हणतो की येतील, सगळी येतील, पटावरून कोणाचं नाव काढायचं नाही. तिथंच लोक सगळ्यात जास्त हसतात.

केयूरला घेऊन गेलो. तो तिथं नाही. व्हिडिओ निघाल्यावर लोक गाड्या काढून त्याला पाहायला येऊ लागले. पोरांनी खडू मारले, कोणी रुमाल ओढला. तिसऱ्या दिवशी टँकर आला, तो आला नाही. मी तुला चित्र पाठवलं त्याच्या आधीच तो निघून गेला होता. रखवालदार फकिरा म्हणाला, की त्याच्यामुळं रांगेत दोन महिने भांडण झालं नाही. मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, सीधा आदमी था साब, तुम लोगां हँस हँस के भगा दिये.

हॉटेलं, स्टँड, घाटी दवाखाना, छावणीचा बाजार, सगळीकडे फिरतो आहोत. केयूर जेवत नाही. त्यानं हा व्हिडिओ माझ्यापेक्षा जास्त जणांना पाठवला होता. ज्यानं तो काढला त्याचा पत्ता लागला आहे. आजच्या आज काढून टाकायला सांगतो. माझ्या चाळिसांनाही एकेक फोन करतो. निदान थट्टा तरी थांबवतो.

मला काय आशीर्वाद द्यायचा अधिकार.
अनंत


पिशोर
२३ एप्रिल

ती. अनंतदादास,
सा. न. वि. वि.

नावं तो शिकवायचा त्या नववीतली आहेत. एकतीस मुलं होती. पाणी गेलं तशी घरं कामाला बाहेर पडली, मुलं बरोबर गेली. पट घसरला, तुकडी बंद झाली, सुयशला कमी केलं. तरी तो रोज कुलूपबंद वर्गाच्या दारात जाऊन हजेरी घ्यायचा. गाव बघायचं. मला लाज वाटायची. तुला हे कधी लिहिलं नाही. एका दुपारी मी त्याला म्हणाले, की ती पोरं आता येणार नाहीत, पट चुलीत घाल. तो पट घेऊन गेला. तेव्हा त्याला पहिल्यांदा कोणी हाकललं असेल, तर मी.

व्हिडिओ काढून टाकायला सांगू नकोस. दादा, रागावू नकोस, नीट वाच. चौकीच्या भिंतीवर चौदा महिने त्याचा इस्त्रीच्या शर्टातला फोटो आहे. तो कोणी पाहिला? हा लोक पाहतात. हसायला का होईना, बघतात आणि शेजारच्याला दाखवतात. ज्या गावात तो आता असेल, तिथंही कोणी दाढी करता करता बघेल आणि मान वर करेल.

चाळिसांना फोन कर, पण पुसून टाका म्हणून नको. पुढे पाठवा म्हणून. वेडा म्हणतात तर म्हणू देत. खाली तुझा नंबर घाल. केयूरला सांग, जेव, आणि सगळ्यांना पाठव.

किती जण हसले ते दर पत्रात लिही.

तुझी
पद्मजा