तांबडीचा आवाज

३ नोव्हेंबर
तांबडी कोंबडी मला खरी कितीला पडली, ते आज जोडलं. एक उन्हाळाभर रसूलबीच्या शेळ्यांना बाभळीच्या शेंगा, गोट्यांचा भरलेला डबा, अन् अव्वाशी, सख्ख्या आईशी, तीन वर्षं खोटं. पैसा एक नाही.
आम्ही लिंगायत. घरात कोंबडीचं नावही चालायचं नाही. म्हणून तांबडी भिंतीपलीकडं, रसूलबीच्या अंगणात. बोली निम्म्याची : एक अंडं तिचं, एक माझं. माझी अंडी मास्तरांच्या घरी जायची, तिकडून वह्या. धंदा तिथंच शिकलो म्हणायचं.
हे आज आठवायचं कारण, अव्वा येतेय. गावाकडं मोरीत घसरली, आता तिला एकटीला ठेवणं शक्य नाही. अन् लातूरच्या या घरात, परसात, माझ्या तीन कोंबड्या.

४ नोव्हें.
बायको, मंगल, म्हणाली, "आत्याबाई दारात कोंबडी बघतील अन् तशाच माघारी फिरतील. मग त्यांचं करणार कोण?" बरोबर आहे. मागं चाकूरला चुलतभावाच्या दारातून अव्वा पाणी न घेता परतली होती. त्याला लोक अजून चिडवतात.
दोन कोंबड्या वॉचमनला दिल्या. तिसरी खुडूक, अंड्यांवर बसलेली. हलवली तर उठेल, अंडी गार पडतील. पिल्लं निघायला थोडेच दिवस...
मंगलला म्हणालो, "राहू दे. तीन वर्षं अव्वाच्या नाकाखाली पाळली, पत्ता लागू दिला नाही."
"लई शाने हाव तुमी."

५ नोव्हें.
दुकानावर चहा. पाइप घ्यायला आलेल्यांना तांबडीची गोष्ट सांगितली. ती अंडं घालायची कधी कडब्यात, कधी चुलीमागच्या राखेत. लगेच गेलं नाही तर कावळ्याचं. पण ती ओरडली की मला आमच्या ओसरीवर बरोबर ऐकू यायचं. कोंबड्या गल्लीभर, त्यातून तांबडीचा आवाज वेगळा काढायचो. नशीबही असं, की पुष्कळदा नेमकी त्याच वेळी अव्वा शेजारून काही ना काही आणायला पिटाळायची. चाळण, विस्तव, काहीही. वाटेत अंडं खिशात.
एकजण म्हणाला, "शेठ, कान हायत का रेडिओ?"
म्हटलं, कानावरच दुकान उभं केलंय. गिऱ्हाइकाच्या आवाजावरून कळतं, घेणार का नुसतं विचारून राहिलाय.

७ नोव्हें.
अव्वा आली. कोंबडीच्या डालीवर गोणपाट टाकलंय, टाकीच्या मागं. खुडूक कोंबडी गप असते, तेवढं बरं.
लिंगपूजा झाली, जेवली. "घर मोठं बांधलास," म्हणाली. पिशवी मात्र सोडली नाही. "राहायचं का न्हाई ते बघू."
मंगल माझ्याकडं बघते, मी भिंतीकडं.

८ नोव्हें.
निभलं. अव्वा परसाकडं फिरकली नाही. पिशवी तशीच बांधलेली.
मंगल हळू आवाजात, "सांगून टाका की."
पिल्लं निघाली की सगळंच वॉचमनकडं. मग सांगायचं काय, अन् कशाला?

१० नोव्हें.
सकाळी मंगलनं हलवून उठवलं. "आत्याबाई मागं हायत."
अव्वा मागच्या पायरीवर बसलेली, हातात काठी. टाकीमागून चिवचिव. मला आत्ता ऐकू आली.
"अव्वा, ते..."
"कवाची वरडून राहिलीत. गोणपाट काढ, गुदमरतील."
काढलं. पाच पिल्लं, बाकीची अंडी अजून तशीच. कोंबडी माझ्यावरच फुगली.
मंगलनं चहा आणला. अव्वानं कप घेतला नाही, नको असंही म्हणाली नाही. पायरीवर ठेवायला लावला. मी कपाकडं बघत उभा. अव्वा कोंबडीकडं बघून म्हणाली,
"रसूलबीकडची तुजी तांबडी हिच्यापेक्षा मोठी होती."
"तुला ठावं होतं?"
"ती वरडली की तुला काय तरी आणाया मीच धाडत होते. तू भवऱ्यात गुंग. तुला कुठं ऐकू यायचं."