चौदाव्या संध्याकाळचा आकडा

मंगळवार, ११ जून १९६३

आज पोहोचले. माल्टातल्या व्हॅलेटाच्या धक्क्यावरून होडीने जेमतेम वीस मिनिटं, पण उतरले तेव्हा वाटलं, दुसऱ्याच देशात आले. बेट इतकं लहान की एका टोकाला शिंकलं तर दुसऱ्या टोकाला 'देव भलं करो' म्हणतील. हे माझं नाही, होडीवाल्या नेनूचं वाक्य. तोच इथला स्वयंपाकी आणि तोच पहारेकरी. माझी ट्रंक उचलताना म्हणाला की बाईसाहेबांनी बहुधा आख्खं चर्च भरून आणलंय.

खोली वरच्या मजल्यावर आहे. समुद्राकडे खिडकी, भिंतीला ताजा चुना, खाली कण्हेर फुललेली. आई गेल्यावर चौपन्नाव्या वर्षी कोण नोकरी देणार, असं सगळे म्हणत होते. डॉ. शिक्लुनांनी दिली, केवळ माझं अक्षर पाहून. सिस्टरांच्या शाळेतलं अक्षर लगेच ओळखू येतं म्हणाले.

काम सोपं आहे. आफ्रिकेतून, पूर्वेकडून परतणारे खलाशी, मिशनरी, व्यापारी घरी जाण्याआधी इथे उतरतात, कुणी साथीचा ताप घेऊन आलंय का ते कळेपर्यंत. प्रत्येकाचं एक कार्ड. रोज सकाळ-संध्याकाळ मी थर्मामीटर द्यायचं, त्यांनी ते जिभेखाली धरायचं, आकडा मी कार्डावर लिहायचा. डॉक्टरांच्या भिंतीवर जगाचा नकाशा आहे, प्रत्येक बंदरावर रंगीत टाचणी. पूर्वी माणसांना एकवीस दिवस अडकवून ठेवत. डॉक्टरांचं म्हणणं, चौदा पुरेत. हे सिद्ध झालं की जिनिव्हाला, जागतिक आरोग्य संघटनेकडे, अहवाल जाईल आणि जगभरची बंदरं त्याप्रमाणे चालतील. म्हणजे माझ्या अक्षरावर! आईला सांगायला हवं होतं.

शुक्रवार, १४ जून

काय लिहू! आजच्या जहाजातून नऊजण उतरले आणि त्यांत सिस्टर स्कोलास्टिका. माझ्या सिस्टर. पाचवीपासून आठवीपर्यंत ज्यांनी गणित शिकवलं, त्या. मी बारा वर्षांची होते तेव्हा त्या आफ्रिकेला गेल्या. आम्ही मुली धक्क्यावर रडलो होतो. आता वाळून अगदी पक्ष्याएवढ्या झाल्यात, पण डोळे तेच.

माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "चेन्सा. सातचा पाढा."

मी सातचा पाढा म्हणाले. पूर्ण. नेनू हातात सूपचं पातेलं घेऊन ऐकत उभा होता. शेवटी म्हणाला, बाईसाहेब पास.

बुधवार, १९ जून

दिवस छान चाललेत. दुपारी सिस्टर कण्हेरीखाली बसतात, मी कार्डं घेऊन शेजारी. आठवणी निघतात. वर्गातली निळी दौत, वहीला लावायचे तांबडे समास, शुक्रवारचा बिनमांसाचा रस्सा. शेजारच्या गोझो बेटावर त्यांची धाकटी बहीण कोन्चेत्ता आहे, तीन वर्षं अंथरुणाला खिळलेली. एकेचाळीस वर्षांत भेट नाही. तीस तारखेला गावचा उत्सव. त्याआधी घरी पोहोचायचंय, एवढंच बोलतात. सत्तावीस तारखेच्या संध्याकाळी चौदा दिवस पूर्ण होतात. तशा वेळेत पोहोचतील.

आज एक वाईट झालं. क्वाबेना नावाचा घानाचा खलाशी आहे, लांबट, हसरा. सकाळी स्वतःच येऊन म्हणाला, बाई, रात्रभर हुडहुडी भरली, बघ बरं. एकशे दोन. मी लिहिलं. डॉक्टरांनी लगेच त्याला मागच्या खोलीत वेगळं ठेवलं. नदीकाठचा ताप असावा म्हणाले. घामातून, स्पर्शातून जातो. दहांपैकी चार दगावतात. क्वाबेना बायकोला भेटायला निघाला होता. दार बंद होताना मला म्हणाला, वाईट वाटून घेऊ नको, तू खरं तेच लिहिलंस.

गुरुवार, २७ जून

आज मी जे केलं ते इथे लिहून ठेवते, म्हणजे कुठेतरी लिहिलेलं राहील.

चौदावी संध्याकाळ. सिस्टरांचं बोचकं बांधून तयार होतं. कोन्चेत्तासाठी मण्यांची माळ घेतलेली, ती मला दाखवली. मग थर्मामीटर घेतलं. पारा एकशे एकवर होता.

मी पुन्हा झटकून दिलं. पुन्हा एकशे एक. त्यांनी माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं. म्हणाल्या, दिवसभर उन्हात बसले होते, तेवढंच. डॉक्टरांना कळलं तर तापाचा रोगी म्हणून आणखी एकवीस दिवस, आणि कोन्चेत्ता तेवढी थांबायची नाही. हात मांडीवर ठेवून बसल्या, वर्गात आमचं उत्तर येईपर्यंत बसत तशा.

सिस्टरांपुढे मला कधी 'नाही' म्हणता आलेलं नाही. मी लिहिलं, अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. माझ्या सर्वांत सुंदर अक्षरात.

शुक्रवार, २८ जून

सकाळी नेनूने त्यांना गोझोच्या बोटीवर सोडलं. जाताना मी त्यांच्या हाताचं चुंबन घेतलं, लहानपणी घ्यायचे तसं. हात गरम होता. ऊन होतं, हेही खरं.

सोमवार, १ जुलै

नेनू उत्सवाहून परतला. गोझो म्हणजे त्याची सासुरवाडी. आज दिवसभर तिथलंच वर्णन चाललंय. फटाके, बँड, सासूने केलेला सशाचा रस्सा. म्हणाला, तुमच्या सिस्टरांची तर दुसरीच मिरवणूक निघाली. आफ्रिकेतून संतीण आली म्हणून गावातली झाडून सगळी पोरं ओळीने उभी, आणि एकेकाने हाताचं चुंबन घेतलं. बायकांनी तान्ही बाळं त्यांच्या ओठांपाशी धरली. नेनूही रांगेत होता, पण पुढच्या बाईने इतका वेळ लावला की तो कंटाळून दारू प्यायला गेला. सिस्टर थकल्या होत्या, भिंतीला टेकून उभ्या होत्या, पण हात कुणाला नाकारला नाही.

मी विचारलं, किती मुलं होती. म्हणाला, बाईसाहेब, मी काय मोजत बसलो होतो?

रात्रीचं जेवण घेतलं नाही.

शनिवार, ६ जुलै

सिस्टर स्कोलास्टिका गुरुवारी गेल्या. गावच्या वैद्याने हृदय म्हणून लिहिलं. वयही झालं होतं, प्रवासाचा शीण होता, असं सगळे म्हणतात. कोन्चेत्ता त्यांच्याजवळ होती.

मी रडले. पण खरं सांगायचं तर रडण्याआधी एक क्षण सुटल्यासारखं वाटलं, की आता कुणी विचारणार नाही. तो क्षण मला विसरता येत नाहीये.

आजच डॉक्टरांनी अहवाल पाकिटात घातला. चारशे कार्डं, चौदा दिवसांनंतर एकही रुग्ण नाही. मला बोलावून तक्ता दाखवला. सिस्टरांची ओळ होती एकशे सत्तराव्या जागी. माझ्यासाठी त्यांनी वाइनचा छोटा पेला भरला. मी प्यायले. तेव्हा सांगता आलं असतं. पाकीट अजून उघडं होतं.

मंगळवार, ९ जुलै

कार्डं कपाटात लावताना सिस्टरांचं हाती आलं. त्यावर सत्तावीस जूनला शेवटची नोंद हवी. ती तशी नाही.

अठ्ठावीस सकाळ, अठ्ठावीस संध्याकाळ. एकोणतीस. तीस. चार जुलै, ज्या दिवशी त्या गेल्या. पाच. सहा. आज सकाळपर्यंत. प्रत्येक ठिकाणी अठ्ठ्याण्णव पॉइंट चार.

अक्षर माझं आहे. चारच्या शेपटीला मी देते तो बाकसुद्धा. मी हे लिहिलेलं नाही. किंवा लिहिलं असेल तर मला आठवत नाही, आणि यांतलं काय बरं, ते कळत नाही.

कार्ड जाळलं. संध्याकाळी कपाटात पुन्हा होतं. एक नोंद जास्त.

गुरुवार, ११ जुलै

गोझोहून अकराजण आणले. नऊ मुलं, दोन बायका. मुलांचे चेहरे पेटलेले, ओठ फुटलेले, एकीला उभं राहवत नव्हतं. नेनूनेच होडीतून आणलं, आणि इथे आल्यापासून प्रथमच त्याने एकही विनोद केला नाही.

मी थर्मामीटर दिलं. पहिलं मूल, अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. दुसरं, तेच. तिसरं. अकराही. डॉक्टरांनी स्वतः सगळी पुन्हा तपासली. तेच.

त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, उन्हाचा तडाखा आणि संतीण गेल्याचा धक्का. एक पडलं की सगळी पडतात, खेड्यात असं होतं. दोन दिवस पाणी द्या, आराम करू द्या.

माझा हात लिहीत राहिला. अकरा वेळा.

शुक्रवार, १२ जुलै

क्वाबेनाचंही तेच. काल सकाळपर्यंत एकशे तीन होता. आज दात वाजतायत, घोंगडी भिजलीय आणि पारा अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. त्याने काच हातात घेऊन निरखली. म्हणाला, "बाई, मी जळतोय. तुझी काच खोटं बोलते."

नवीन डबा उघडला. सहा थर्मामीटर, लंडनहून आलेली, कुणी न हाताळलेली. चहात बुडवून बघितली, पारा सरसर वर गेला. काच चांगली आहे. माणसाच्या जिभेखाली गेली की खाली येते आणि तिथेच थांबते. त्याच आकड्यावर.

मला थंडी वाजतेय. जुलैत.

शनिवार, १३ जुलै

सांगितलं. सगळं, उभ्याने. सत्तावीस तारीख, एकशे एक, कोन्चेत्ता, चुंबनं.

डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं. कार्ड काढलं. त्यावर फक्त सत्तावीसपर्यंतच्या नोंदी, स्वच्छ. म्हणाले, तुमचं त्यांच्यावर प्रेम होतं, चेन्साबाई. एखादी गेली की मागे राहिलेल्याला वाटतं, आपणच मारलं. माझी आई गेली तेव्हा मलाही वाटलं होतं. मी म्हणाले, माझ्या अंगात ताप आहे, बघा. त्यांनी मला थर्मामीटर दिलं.

आकडा लिहीत नाही.

नेनू दारात होता. त्याने सगळं ऐकलं. जाताना फक्त एवढंच विचारलं की सासूच्या शेजारची ती लहानगी, तिचं काय होणार. मग मान फिरवून निघून गेला. बाईसाहेब म्हणाला नाही.

एक मूल गेलं, दुपारी. डॉक्टर म्हणाले, कुपोषण. कार्डावर शेवटची नोंद —

रविवार, १४ जुलै. सकाळ

डॉक्टरांनी ठरवलंय. दहाही जणांना दुपारच्या बोटीने घरी सोडायचं. कार्डं स्वच्छ आहेत, ठेवायचं कुठल्या आधारावर? क्वाबेनालाही व्हॅलेटाच्या धक्क्यावर. तिथून त्याचं जहाज फ्रान्सच्या मार्से बंदराला, मग पुढे कुठे कुठे. नकाशावर बघितलं. टाचण्या —



दुपार

बोट लागली. मुलांना पायऱ्यांवर बसवलंय. सगळ्यांत लहान बाळ आईच्या खांद्यावर, डोळे मिटलेले. धक्क्यावर गावातल्या बायका न्यायला आल्यात, हात पुढे करून.

मी खिडकीतून ओरडले. सांगितलं, काचेवर विश्वास ठेवू नका. माझ्या कपाळाला हात लावून बघा. आमच्या आया बघायच्या तसा, नुसता हात. डॉक्टर रोग्याला कधी हात लावत नाहीत, रबरी हातमोजे आणि चिमटे, इतक्या वर्षांची शिस्त. पण खाली सगळे वर बघत होते. क्वाबेनाही म्हणाला, लावा की, डॉक्टर. नेनूने बोटीचा दोर सोडला नाही, हातात धरून उभा राहिला. म्हणाला, डॉक्टरसाहेब, एका हाताचाच प्रश्न आहे.

डॉक्टर हसले. म्हणाले, बरं चेन्साबाई, तुमचं समाधान होत असेल तर येतो. मग बोट सुटू दे. जिन्याशी थांबून हातमोजा काढला, मी पाहिलं. त्यांचा हात किती पांढरा आहे.

पहिला जिना. वर येतायत.

कपाळ इतकं तापलंय की पानावर हात ठेवला तरी कागद —

हात लावला की त्यांना कळेल. खरंच कळेल. बोट थांबेल, जिनिव्हाला तार जाईल, ते बाळ इथेच राहील.

आणि हात लावला की डॉक्टर —

सिस्टर असत्या तर म्हणाल्या असत्या, मांड गणित, चेन्सा. एका बाजूला दहा. एका बाजूला —

दाराला कडी नाही घातलेली. घालता येईल अजून. दोन पावलं. मी उठत नाहीये. मी उठले तर ते माझ्यामुळे, न उठले तरी माझ्या —

दुसरा जिना. मला नावाने हाक मारतायत, प्रेमाने. मी सांगते त्यांना, थांबा, आधी ऐका, हात लावायच्या आधी —