पेले भरायला कुणीतरी

प्रिय ठमे,

पाकीट बघून घाबरू नकोस. कुणी गेलेलं नाही, कुणी पडलेलं नाही, माझे गुडघे जसे होते तसेच कुरकुरतात. बातमी आहे ती एवढीच की आपली बिअर बदलली आहे. हसलीस ना? हास. तुझी आई असती तर तीही हसली असती आणि म्हणाली असती, लोकांच्या घरी पोरी बदलतात, सुना बदलतात, ह्यांची बिअर बदलते.

पण खरंच बदलली आहे. तुझ्या जन्माच्या आधीपासून दर शनिवारी संध्याकाळी एक बाटली, हा नेम तुला ठाऊक आहे. पहिला घोट जिभेला चिमटा काढायचा आणि गिळल्यावर भाजलेल्या पावाच्या कडेसारखा वास नाकात मागे रेंगाळायचा. मी त्या वासासाठीच पीत आलो. आता चिमटा तेवढा बसतो आणि पुढे काहीच नाही. दारातूनच पत्ता विचारून परत गेलेल्या पाहुण्यासारखी वाटते. आधी वाटलं, एखादा घाणा बिघडला असेल. मग दुकान बदललं, पेला बदलला, पेला मिठानं घासून पाहिला. शेवटी नेहमीच्या दुकानदाराकडे तक्रार केली. तो म्हणाला, काका, बाटली तीच, झाकण तेच, आता तुम्ही तेच आहात का ते घरी जाऊन आरशात बघा. मेला तोंडाळ आहे, पण बोलतो तरी. खरं सांगायचं तर हल्ली मी त्याच्याकडून एका वेळी एकच जिन्नस आणतो. आज साबण, उद्या काडेपेटी. पाय मोकळे होतात.

कंपनीलाही फोन केला. एका गोड आवाजाच्या मुलीनं सांगितलं की चवीत कसलाही बदल केलेला नाही, तुमच्या भावना वर कळवते. मी म्हटलं, अगं बाई, तुमच्याच कारखान्याच्या चवखोलीत बिअर चाखण्यात माझी सगळी नोकरी झाली. ती म्हणाली, अरे वा, सर! आणि मला गाणं ऐकत बसवलं. गाणं चांगलं होतं. मी पूर्ण ऐकलं.

म्हणजे आता दोनच शक्यता उरतात. एक तर बिअर बदलली, नाहीतर मी बदललो. दुसरी खरी असेल तर ते साधं नाही, कारण आयुष्यभर मी ह्याच जिभेवर भाकरी खाल्ली. चवखोलीत आमचं काम कसं चालायचं ते तुझ्याइतकं कुणाला माहीत असणार? तीन पेले पुढ्यात यायचे. दोन एकाच बाटलीतले, तिसरा वेगळ्या बाटलीतला. वेगळा कुठला ते सांगायचं. पेले भरणारा पलीकडच्या खोलीत, आपली पाठ त्याच्याकडे, त्याला हूं की चूं करायची मुभा नाही. माझी बढतीची परीक्षा होती तेव्हा घरी ओट्यापाशी उभी राहून तू पेले भरायचीस. एवढीशी होतीस, पण चेहरा असा दगडी करायचीस की भल्याभल्यांना थांग लागू नये. मी चुकलो तरी तुझी पापणी हलायची नाही. शाळेत बाईंनी विचारलं, घरी आईला काय मदत करतेस, तर तू उभी राहून सांगितलंस, मी बाबांना बिअर ओतून देते. तुझ्या आईला शाळेत बोलावणं आलं. घरी येऊन ती आधी माझ्यावर कडाडली, मग स्वयंपाकघरात जाऊन हसत सुटली.

तर ठरवलं की परीक्षा घ्यायची. आपली एक बाटली, शेजारी त्या दुसऱ्या कंपनीची लाल लेबलवाली. दोन्ही सोनेरी, दोन्ही हलक्या, नवख्याला फरक कळायचा नाही, पण मला झोपेतून उठवून विचारलं तरी कळायला हवा. ओळखलं तर जीभ शाबूत आणि दोष बिअरचा. पण ठमे, ही परीक्षा एकट्या माणसाला देताच येत नाही. हे इतक्या वर्षांत माझ्या ध्यानात कसं आलं नाही? मी तीन पेले भरले, डोळे मिटले, त्यांची उलटसुलट अदलाबदल केली. पण हात सगळं लक्षात ठेवतो. कुठला पेला कुठे सरकला ते तो आपणहून सांगून टाकतो. स्वतःपासून काही लपवायचं म्हटलं की घरात दुसरं माणूस लागतं.

म्हणून खालच्या मजल्यावरच्या टेलरबाईंना वर बोलावलं. तू त्यांच्याकडून परकर शिवून घ्यायचीस, त्याच. बिअरचं नाव काढताच त्यांनी गळ्यातल्या टेपशी चाळा करत म्हटलं, अहो, मी वासानंसुद्धा पडेन. पण आल्या. मी सगळं नीट समजावलं आणि भिंतीकडे तोंड करून बसलो. पेले आले तसा वळलो. टेलरबाई समोर हनुवटीखाली हात ठेवून बसल्या, सिनेमा सुरू व्हायची वाट पाहावी तशा. मी एकेक घोट घेतला, मध्ये पाण्यानं चूळ भरली, पुन्हा घेतला. मग मधला पेला पुढे सरकवला आणि रीतसर भाषण ठोकलं. हा वेगळा आहे, ह्यात गोडवा जास्त, शेवटी ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो, हा लाल लेबलवाला, दुमत नाही. टेलरबाई ऐकत राहिल्या आणि मग पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिन्ही पेले एकाच बाटलीतले होते. म्हणाल्या, एकट्या माणसाला दुसरी बाटली फोडून काय करायची, ओतूनच द्यावी लागली असती, म्हटलं एकीत भागतंय तर कशाला! आणि वर मलाच विचारतात, पण ओल्या पुठ्ठ्याचा वास असतो तरी कसा हो? मग मी तोही समजावला. त्या दिवे लागेपर्यंत बसल्या. त्यांच्या मशीनबद्दल बोलल्या, सुनेबद्दल बोलल्या, लोकांची मापं कशी वाढत चाललीत त्याबद्दल बोलल्या.

त्या गेल्यावर मी पेले विसळत होतो तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. मी चुकलो ह्याचं मला काही वाटतच नव्हतं. चवखोलीत अशी चूक झाली असती तर मी आठवडाभर जेवलो नसतो. पण इथं समोर एक माणूस बसलं होतं आणि मी काय सांगतो ते ऐकायला थांबलं होतं. त्याच्या हातावर काहीतरी ठेवायला हवं म्हणून मी फरक शोधला आणि तो मला सापडलासुद्धा. खोटं बोललो नाही गं. पुठ्ठ्याचा वास मला खरोखर आला.

मग नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, तुझ्याच वयाच्या. त्यांनी डोळे मिटायला लावून एकेक बाटली नाकाखाली धरली. लवंग, कॉफी, साबण, संत्र्याची साल, रॉकेल. मी एकही चुकलो नाही. लवंग जुनी आहे हेही सांगितलं. जीभ पाहिली, घसा पाहिला, आणि म्हणाल्या, काका, हे नाक मला द्या, तुम्हाला काहीही झालेलं नाही. मी आभार मानले आणि बाहेर येऊन बाकावर बसलो. आत जायचा नंबर पुकारत होते, लोक माझ्याकडे बघत होते, मला उठवेना. एवढं चांगलं ऐकून माणूस खूश व्हायला हवा. मला चक्क रडू येत होतं.

का ते तिथं बसल्याबसल्या कळलं, आणि त्यासाठीच हे पत्र. आई गेली तेव्हा तू आणि जावईबापू मला न्यायला आला होतात. मी तुम्हाला काय सुनावलं ते तू विसरली असशील, मी विसरलो नाही. मी काय आजारी आहे का, आजारी पडलो की येईन. त्यानंतर तू आडून आडून विचारलंस आणि मी आडून आडून टाळलं. आता मला वाटतं, डॉक्टरीणबाईंच्या दारात मी रोग मागायला गेलो होतो. त्यांनी नाक गेलंय असं लिहून दिलं असतं, तर तो कागद पुढे करून ताठ मानेनं तुझ्याकडे येता आलं असतं. तो कागद काही मिळाला नाही. बिअर बदलली असेल, नसेल, मला त्याच्याशी आता काही देणंघेणं नाही. मी ठणठणीत आहे, ठमे, आणि मला इथं एकट्याला राहवत नाही. मी तुमच्याकडे राहायला येऊ का? पाहुणा म्हणून नाही, कायमचा. जावईबापूंना आधी विचार, त्यांना विचार करायला वेळ दे, आणि त्यांच्या मनात नसेल तर मला सरळ तसं लिही. मी पोरीवर रुसणारा बाप नाही. पण हो म्हणणार असाल तर मात्र लवकर कळवा.

तुझाच,
बाबा