खो-खोचा चषक काचेत जाणार नाही

मी, सुहासिनी धोंडिराम गमरे, वय एकाहत्तर, निवृत्त क्रीडाशिक्षिका, राहणार भांडुप पश्चिम, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय माझ्या पश्चात काय व्हावे ते लिहून ठेवत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. आत्याचे डोके फिरले होते, असे म्हणायला जागा ठेवलेली नाही.

१. माझी राहती खोली व बँकेतील ठेव माझा भाचा नितेश यास मिळावी. त्याच्यावर माझा राग आहे, पण तो कलम तीनपुरता.

२. माझी शिट्टी आणि खो-खोचे दोन्ही खांब माझी विद्यार्थिनी मीरा साळवी हिला द्यावेत. ती आज येथील मैदानावर मुलींना खो-खो शिकवते.

३. चषकाबाबत. सन १९८९मध्ये घाटकोपरला आंतरशालेय स्पर्धा होती. प्रवेशिका मी भरली होती, पण ऐनवेळी मुख्याध्यापकांनी मुलींना पाठवायला नकार दिला. "मुली चड्ड्या घालून पळणार? शाळेची लाज जाईल." मी रजा टाकली, पालकांना भेटले आणि संघ घेऊन गेले. मुली सलवारी गुडघ्यापर्यंत दुमडून खेळल्या. अंतिम सामन्यात कर्णधार मीरा शेवटपर्यंत कोणाच्या हाती लागली नाही. आम्ही जिंकलो.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी चषक मुख्याध्यापकांच्या हातात होता. मीराने विचारले, "सर, आम्ही एकदा धरू?"

"लांबून बघा. डाग पडतील."

मग तो कपाटात गेला. शाळा सोडेपर्यंत मीरा त्या कपाटावरून मान वळवून जात असे.

पुढे जुनी इमारत पाडली, तेव्हा हाच चषक मला राडारोड्यात दिसला. एक कान तुटलेला. शाळेचे आजचे अध्यक्ष चंद्रप्रकाश तेथेच उभे होते. "बाई, भंगार आहे ते. हवं तर न्या," असे ते सर्वांसमोर म्हणाले. मी नेला, कान जोडून घेतला. आता शाळेच्या अमृतमहोत्सवासाठी त्यांना तो काचेत मांडायचा आहे. मी नकार दिला, तेव्हा पोलिसांत जाईन म्हणाले. जा म्हटले. नितेशने मात्र मला न विचारता त्यांना शब्द दिला.

"आत्या, देऊन टाक ना गं. कशाला राडा?"

"राडा तुझ्या शब्दाने झालाय. तो मागे घे."

त्याने अजून घेतलेला नाही.

सबब चषक मीराला द्यावा. तिने दरवर्षी मुलींचे सामने भरवावेत. जिंकतील त्यांनी तो वर्षभर घरी न्यावा, त्यातून सरबत प्यावे, पोचे आले तरी चालतील. कुलूप लावू नये. शाळेला हवाच असेल तर शाळेने मुलींचा संघ उतरवावा आणि जिंकून न्यावा. नितेशने आडकाठी केल्यास कलम एक रद्द समजून खोली व ठेव मीराला द्यावी.

या चषकासाठी मी कोणापुढे हात जोडले नाहीत. माझ्यामागे माझ्या नावाने कोणी जोडू नयेत.

सही: सुहासिनी धोंडिराम गमरे

आमच्यासमोर बाईंनी वाचून सही केली:
१. गार्गी देवव्रत सामंत, शेजारी
२. डॉ. चैतन्य पेडणेकर

भांडुप, ९ डिसेंबर २०२५