माशांची फिर्याद आणि ट्यूबची पिशवी

तीर्थरूप मामांस,

हातांत प्रयोगशाळेचे मोजे आहेत, म्हणून लांबूनच साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? (मामी म्हणते, कुरकुर वाढली आहे. गुडघ्याची की तुमची, ते तिने सांगितलं नाही.) इकडे मी खुशाल आहे, म्हणजे नोकरी अजून आहे. ती जाता जाता राहिली, आणि त्याला कारण तुम्ही दिलेली पिशवी.

मला पाणी तपासायची नोकरी लागली तेव्हा तुम्ही आपल्या टायरच्या दुकानातली ट्रकची जुनी ट्यूब कापून, दोन दिवस खपून, मला पिशवी शिवून दिलीत. बाटल्या फुटणार नाहीत, आणि तुझ्या नातवंडांनाही पुरेल, म्हणालात. पुढे ओढ्यातले मासे मरतात म्हणून तुम्ही तुमच्या बुद्धिबळातल्या जोडीदाराच्या, रंगारीकाकांच्या, कारखान्याविरुद्ध तक्रार केलीत, आणि तपासणी नेमकी आमच्याकडे आली. (घरचं प्रकरण आहे, मला नको, असं मी साहेबांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, पाण्याला मामा नसतो.)

मासे मरतात पाऊस पडला की, म्हणून पाऊस सुरू होताच धावायचं. पहिल्यांदा मी पोचेपर्यंत तो थांबला. दुसऱ्यांदा ओढ्यात घसरले, आणि नमुन्यात पाण्यापेक्षा चिखलच जास्त आला. तिसऱ्यांदा सगळं जमलं. एक बाटली काकांच्या गटाराची, एक पुलावरच्या रस्त्यावरून वाहून येणाऱ्या पाण्याची, आणि एक प्रयोगशाळेतल्या शुद्ध पाण्याची, नुसती सोबत नेऊन आणायची. ही तिसरी आमची साक्षीदार. तिच्यात काही सापडलं तर दोष ओढ्याचा नाही, आमचा.

सगळ्यात जास्त विष तिच्यातच निघालं.

विष कसलं, तेही सांगते. टायरला भेगा पडू नयेत म्हणून त्यात एक रसायन घालतात. हवेशी गाठ पडली की त्यातून दुसरंच काहीतरी तयार होतं. टायर रस्त्यावर झिजतो, पाऊस ती झीज धुऊन ओढ्यात नेतो, आणि काही जातींचे मासे त्याच्या अगदी कणभरानेही मरतात. ते शुद्ध पाण्यात पाहून साहेबांनी आधी मशीनवर संशय घेतला, मग माझ्यावर. तीन दिवस मी नळ, झाकणं, कपाटं धुंडाळली. नमुन्याजवळ रबर आणू नये, ही भिंतीवरची पाटी मीच लिहिली आहे, नव्या माणसांना मीच वाचून दाखवते, आणि वाचताना तुमची पिशवी माझ्या खांद्यावर असते. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हा.

चौथ्यांदा कापडी पिशवी नेली. साक्षीदार निर्मळ निघाली. काकांच्या पाण्यात हे विष नव्हतं, माशांना मारेल असं दुसरंही काही सापडलं नाही. रस्त्याच्या पाण्यात मात्र ते भरपूर होतं.

मामा, हे लिहून काढताना मला रडू आलं. तुम्ही मासे मारलेत असं मी म्हणत नाही. मी रोज ज्या बसने जाते तिलाही टायर आहेतच. पण टायर विकून तुम्ही मला शिकवलंत, आणि शिकून मी शोधून काढलं काय, तर हे. म्हणून वाटलं, दुसऱ्या कुणाआधी माझ्याकडूनच तुम्हाला कळावं. सोमवारच्या सुनावणीत काकांच्या कारखान्याला कुलूप लागणार नाही, तेवढं अहवाल करेल. पण तुम्ही दोघं दोन वर्षं बोलत नाही, बुद्धिबळाचा डाव अर्धा मांडून तसाच ठेवलाय, आणि मामी त्याच्या अवतीभवती झाडू मारते. त्यावर आमच्याकडे मशीन नाही.

तब्येतीला जपा.

तुमची भाची

ता. क. तक्रार उद्या सकाळीच मागे घ्या. अहवाल दुपारी नगरपालिकेत पोचेल. सकाळी घेतलीत तर मोठेपणा, दुपारी घेतलीत तर माघार.

आणखी एक ता. क. पिशवी परत मिळणार नाही. तिच्यात आता माझी छत्री राहते.

शेवटचा ता. क. हे पत्र टपालाने आलं नाही, दाराखालून आलं, हे लक्षात आलंच असेल. ते रंगारीकाकांनी सरकवलंय. आत काय आहे ते त्यांना माहीत नाही. तुमच्या तोंडूनच कळावं म्हणून मी सांगितलं नाही. चष्मा शोधून इथवर वाचत यायला तुम्हाला अर्धा तास लागेल, हे सांगितलं तरी ते पायरीवर बसून राहतो म्हणाले. पत्र न्यायला आले तेव्हा त्यांनी मला एवढंच विचारलं, की त्याचा गुडघा कसा आहे. मी म्हटलं, तुम्हीच विचारा. तेव्हा दार उघडायला मामीला पाठवू नका.