तिझी मद्दनचा एकमेव साक्षीदार

६ एप्रिल १९६४

आज पोहोचलो. बसवाल्याने खालच्या वळणावर उतरवलं, आइत उझरू गावापर्यंतचा चढ पेटी डोक्यावर घेऊन मीच चढलो. पण तक्रार नाही. कचेरीत कारकुनाची खुर्ची मिळाली, आणि खिडकीतून तिझी मद्दनची खिंड दिसते. कॉफीवाल्या दा रेझकीने स्वतःची बैठक मला दिली. खिंडीत लढलेला माणूस माझ्याकडे उभ्याने कॉफी पिणार नाही, म्हणाला. मी ऐटीत बसलो.

७ एप्रिल

रोजनिशीत तरी खरं लिहावं. मी लढलो नाही. फ्रेंचांशी युद्ध चाललं ती सगळी वर्षं मी अल्जिअर्सला मामाच्या दुकानात साबण विकत होतो. स्वातंत्र्य आलं, नोकऱ्या लढवय्यांना मिळू लागल्या, आणि लढवय्या ठरायला दोन साक्षीदारांच्या सह्या पुरत होत्या. मामाने सह्या मिळवल्या आणि बाजारात खरबूज निवडावं तशी लढाई निवडली. एका लढाईतले फार जण जिवंत, दुसरीतले अजून दर जुम्म्याला जमतात. तिझी मद्दनला चाळीस पोरं तीन दिवस विमानांखाली लढली आणि एकही परतलं नाही. हीच घे, एकटा तू वाचलास म्हण, तुला खोटं पाडायला कोणी उरलं नाही, म्हणाला. आणि सरकारने मला नेमकं त्या पोरांच्याच गावात आणून टाकलं.

११ एप्रिल

यम्मा वर्दियाने जेवायला बोलावलं. कुसकुस, वर ताजं तेल. तिचा मुलगा शबान त्या चाळिसांपैकी. तो कसा गेला एवढंच तिला हवं होतं. सहा वर्षं विचारायला माणूस नव्हता. माहीत नाही म्हणालो असतो तर नोकरी गेली असती. कपाळाच्या मधोमध गोळी लागली, त्याला कळलंसुद्धा नाही, असं सांगितलं. तिने माझ्या हाताचं चुंबन घेतलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१६ एप्रिल

आता रोज आया येतात. माझा हात बसला आहे. लुनिसच्या आईला पराक्रम हवा होता, तर त्याचा घोटा फुटला आणि तो टेलिफोनच्या तारेने बांधून पोरगा आणखी एक दिवस लढला, असं ठोकून दिलं. ती गावभर सांगत फिरते आहे.

२२ एप्रिल

हुतात्म्यांच्या नव्या दफनभूमीत पुरण्यासाठी खिंडीतली हाडं खाली आणायला सुरुवात झाली. मी नोंदवही घेऊन बसलो होतो. शबानचा पट्टा यम्माने ओळखला. कवटीला कपाळाच्या मधोमध भोक होतं. युद्धात असं होतंच, म्हणून मी पुढे लिहीत राहिलो. दुपारी दुसरा सांगाडा आला. घोट्याच्या हाडाभोवती तारेचे तीन वेढे.

तुझी आठवण म्हणजे आठवण आहे पोरा, म्हणत दा रेझकीने टोपी काढली. मी नोंदवहीत लुनिसचं नाव लिहिलं.

२३ एप्रिल

मी सतरा जणांचं सांगितलं होतं. सतराही तसेच निघाले. शबानच्या हाडांची पेटी खिळे ठोकून कचेरीच्या मागे ठेवली आहे.

२४ एप्रिल

ते सहा वर्षांपूर्वी मेले, त्यात माझा हात नाही. पण मी बोलण्याआधी ते कसे मेले होते?

२५ एप्रिल

यम्माकडे जाऊन सगळं कबूल केलं. ती मसूर निवडत होती, हात थांबला नाही. म्हणाली, मला पहिल्याच दिवशी कळलं; डोंगरात लढून आलेला माणूस दाराकडे पाठ करून जेवत नाही, तू आरामात जेवलास. "खोटारडा आहेस तू, मार्चमध्ये युद्ध थांबल्यावर उगवलेला शूर. पण तुझ्या तोंडून निघतं तसं घडतं. मग आता म्हण, शबान वाचला. घरी येतोय म्हण."

मी म्हणालो, यम्मा, त्याची हाडं पेटीत आहेत. ती म्हणाली, मग मी कचेरीत जाऊन तू कोण ते सांगते.

मला नोकरी हवी होती. मी म्हणालो, शबान वाचला, घरी येतोय.

२६ एप्रिल, सकाळ

पेटी उचलून पाहिली, रिकामी. खिळे जसेच्या तसे —

दुपार

खिंडीतून एक माणूस उतरतोय. सावकाश. बाया रस्त्यावर. यम्मा धावली, त्याचा चेहरा हातात धरला — कपाळाला भोक आहे, मीच तर —

त्याने तिच्याकडे परक्या बाईकडे बघावं तसं पाहिलं. बाजूला सारून पुढे आला.

माझ्या बोलण्यात मी त्याला आई दिलीच नव्हती. गोळी दिली, परतीची वाट दिली. बाकी काही नाही.

कचेरीच्या पायऱ्या चढतोय

समोर बसलाय. यम्मा दारात. सांग, मी कोण ते सांग त्याला, म्हणते आहे. मी सांगतोय, तो ऐकतच नाही. त्याला एकच हवंय. गोळी कोणी घातली, विचारतोय

ते मी कधीच कोणाला सांगितलं नव्हतं. नाव सुचत नाही —

साऱ्या जगात तो ओळखतो असा माणूस एकच आहे, मी. तो माझ्याकडे बघतोय, आणि यम्मासुद्धा आता माझ्याकडेच — मी नव्हतो तिथे, यम्मा, तुला ठाऊक आहे मी तिथे नव्ह