दोन ठशांची किल्ली

प्रिय चिमणे,

मावशी हे पत्र पिशवीच्या तळाशी दडवून आणेल. वाचून झालं की फाडून टाक. माझी पाठ दुखते, पण ती घरीही दुखायचीच, त्यामुळे कोठडीला उगाच दोष देत नाही.

दुपारी येऊन तासभर दुकानातल्या बाकावर बसायचा तो दाढीवाला आठवतो ना? तो पोलीस निघाला. गोदामाच्या कुलपाची किल्ली करून द्या, रविवारी आतला माल उचलायचाय, असं सरळ सांगायचा. तीनदा मी त्याला हाकललं. चौथ्यांदा म्हणाला, असलं कुलूप उघडेल असा हात आता तुमचाच उरलाय. झालं! तुझ्या बापाला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला वेळ लागत नाही. सगळे दरवाजे आकडे दाबून उघडायला लागल्यापासून मी दुकानात माश्या मारत बसलो होतो गं. कुणाला तरी माझी गरज होती. मी हो म्हणालो.

तू मात्र किल्ली हातात घेतलीस आणि म्हणालीस, बाबा, हे काम सरळ नाही, देऊ नका. मी खेकसलो, तू फक्त किल्लीचे दाते तपास. एकानं कापायची, दुसऱ्यानं तपासायची, तिच्यावर दोघांच्या खुणेचे ठसे मारल्याशिवाय किल्ली बाहेर जाऊ द्यायची नाही, ही आपल्या दुकानाची रीत. चोरीच्या किल्लीलासुद्धा मी ती पाळायला लावली! असला शहाणा चोर शोधून सापडायचा नाही. तू रडवेल्या तोंडानं ठसा मारलास, तेव्हा मी तुझ्याकडे बघितलंही नाही.

काल वकीलबाई आल्या होत्या. त्या म्हणाल्या, कट व्हायला निदान दोन माणसांनी खरोखर मिळून ठरवावं लागतं. पोलिसानं नुसतं सोंग केलं, त्याला चोरी करायचीच नव्हती, म्हणून त्याला त्यात धरत नाहीत. उरलो मी एकटा, आणि एकट्याचा कट होत नाही. नुसतं माहीत असणं म्हणजेही सामील असणं नव्हे. इतक्या दिवसांनी मला हसू आलं. मग त्यांनी विचारलं, जबाबात काय सांगितलंत?

चिमणे, मी तुझं नाव घेतलं. कुणी मारलं नाही, धमकावलं नाही. त्याच दाढीवाल्यानं चहा पुढे केला आणि विचारलं, या वयात इतकी नेमकी किल्ली एकट्याला कशी जमली? मी फुशारलो. म्हणालो, माझ्या लेकीला सगळं माहीत होतं, तिच्या संमतीशिवाय आमची किल्ली बाहेर जात नाही. त्यानं लिहून घेतलं, मी सही केली. कटाला एक माणूस कमी पडत होतं, ते मी माझ्या तोंडानं पुरवलं. उद्या पोलीस तुझ्याकडे येतील. मावशी सांगत होती, तू म्हणतेस, बाबांना एकटं पडू देणार नाही, जे केलं ते दोघांनी केलं असंच सांगेन. तसं म्हणालीस की दोघंही बुडालो. तू नको म्हणाली होतीस, ते सांग. मी खेकसलो, तेही सांग. जबाब वाचून दाखवला, तर बाप बढाईखोर आहे, खोटारडा आहे, असं त्यांच्या तोंडावर म्हण. मला एकटं टाक, बाळा. पण तू टाकशील असं वाटत नाही. तुला मीच वाढवलंय.

तुझाच,
बाबा